पेनसिल्व्हेनियातला मधला माणूस गेला कुठे?

बक्सकर

१८ मे २०२१, मंगळवार. ऑफिसातून जरा लवकर निघून मतदानाला गेलो. आमच्या भागाचं मतदान अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये असतं. दोन बंब बाहेर काढून उभे केलेले, आत घडीच्या टेबलांमागे तीन म्हातारी माणसं. त्यातल्या आजीबाईंनी यादीत माझं नाव शोधलं, नावापुढचा रकाना बघितला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही कुठल्याच पक्षाचे नाही. तुम्हाला फक्त प्रश्न."

नागरिकत्व मिळाल्यावर नोंदणीच्या फॉर्मवर मी मोठ्या ऐटीत 'कुठलाच पक्ष नाही' या चौकटीत खूण केली होती. करांच्या बाबतीत मला एकांचं पटतं, आरोग्यसेवेच्या बाबतीत दुसऱ्यांचं, आणि शाळांच्या बाबतीत दोघांचंही पटत नाही. म्हटलं, दरवेळी माणूस बघून मत देऊ. त्या ऐटीची किंमत त्या दिवशी कळली.

महाराष्ट्रातल्या मंडळींसाठी: प्रायमरी म्हणजे पक्षाचं तिकीट कोणाला द्यायचं ते ठरवणारी निवडणूक. आपल्याकडे तिकिटं बंद खोलीत वाटतात, इथे मतदार वाटतात. ऐकायला झकास. पण पेनसिल्व्हेनियात प्रायमरी 'बंद' आहे. रिपब्लिकन म्हणून नोंद असेल तर रिपब्लिकन मतपत्रिका, डेमोक्रॅट असेल तर डेमोक्रॅट, आणि माझ्यासारख्या कुंपणावरच्याला हात हलवत परत. त्या वर्षी राज्यघटनेच्या दुरुस्त्यांसकट चार प्रश्न सगळ्यांसाठी होते, म्हणून निदान कागद तरी हातात पडला. चौथा प्रश्न होता पगारी अग्निशामक दलांनाही राज्याच्या कर्जयोजनेत घ्यायचं का. बंबांच्या शेजारी उभं राहून 'नाही' म्हणायची माझी तरी छाती झाली नाही.

आता खरा मुद्दा. बरोब्बर ११ वर्षं आधी, १८ मे २०१० ला, याच राज्यात आर्लेन स्पेक्टर हरले. तीस वर्षं सिनेटर, रिपब्लिकन, पण अर्धी मतं पक्षाविरुद्ध देणारा गडी. २००४ च्या प्रायमरीत पॅट टूमींनी उजवीकडून त्यांना जवळपास आडवं केलं होतं, ५१-४९ वर निभावलं. फेब्रुवारी २००९ मध्ये ओबामांच्या आर्थिक पॅकेजला मत देणाऱ्या तीन रिपब्लिकन सिनेटरांत हे एक. त्यानंतर पक्षात राहून तिकीट मिळणं शक्यच नव्हतं. राज्यातले दोन लाखांवर रिपब्लिकन नोंदणी बदलून डेमोक्रॅट झालेत, म्हणजे माझे मतदारच निघून गेलेत, असं तेव्हा ते स्वतःच सांगत होते. एप्रिलमध्ये तेही डेमोक्रॅट झाले, आणि पुढच्या मे मध्ये डेमोक्रॅटांनी त्यांना प्रायमरीत पाडलं. नोव्हेंबरात टूमी जेमतेम दोन टक्क्यांनी निवडून आले. म्हणजे गंमत बघा, ज्या निवडणुकीत माझ्यासारखे लाखो लोक मत देऊ शकत होते, तिथपर्यंत मधला माणूस पोचलाच नाही. एका दाराने बाहेर काढला, दुसऱ्या दाराने आत घेतला नाही.

त्यात मतदारसंघांचे नकाशे. २०११ साली इथे काढलेल्या नकाशातल्या सातव्या मतदारसंघाला लोक 'डोनाल्ड डकला लाथ मारणारा गूफी' म्हणायचे. चित्र बघा, खरंच तसं दिसतं. त्या नकाशावर १८ पैकी १३ जागा सलग तीन निवडणुका रिपब्लिकनांना. २०१२ मध्ये तर राज्यात एकूण मतं डेमोक्रॅटांना जास्त पडली होती, जागा ५. २०१८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने नकाशा रद्द केला, नवा आला, त्या वर्षी ९-९. अशा मतदारसंघात निकाल मे महिन्यातच लागतो, नोव्हेंबर म्हणजे हळदीकुंकू. आणि मे मध्ये येतात कोण, तर ज्यांच्या अंगात आलेलं असतं ते. २०१४ मध्ये एरिक कँटरसारखा प्रतिनिधिगृहातला बहुमताचा नेता प्रायमरीत पडला. सात-साडेसात लाख वस्तीच्या मतदारसंघात मतं पडली जेमतेम ६५ हजार.

तर माझं म्हणणं असं की लोक टोकाला गेले हे अर्धसत्य आहे. मधला मतदार आहे तिथेच आहे, मधला उमेदवार त्याच्यापर्यंत येऊच देत नाहीत. तुम्हाला काय वाटतं?

तिरकस_तात्या

म्हणजे लग्न दोन्हीकडच्यांचं, आणि तुमची तक्रार ही की याद्या करायला मला बोलावलं नाही. पक्षाचा उमेदवार पक्षाच्या लोकांनी ठरवला तर बिघडलं कुठे? हलके घ्या.

बक्सकर

तात्या, हॉलचं भाडं, आजीबाईंचा भत्ता, मतपत्रिकांची छपाई हे सगळं सरकारी खर्चाने, म्हणजे माझ्याही पैशाने होतं. पक्षाने आपल्या कचेरीत चिठ्ठ्या टाकून ठरवावं, मी डोकावणारही नाही.

अभ्यासू_अळी

लेख आवडला, पण दोन ठिकाणी खडे लागले.

एक, कँटर हरले ते व्हर्जिनियात. तिथे मतदाराची पक्षनिहाय नोंदणीच होत नाही, प्रायमरी खुली असते. कुंपणावरचे तिथे खुशाल जाऊ शकत होते. गेले नाहीत.

दोन, प्रायमरी काही काल आलेली नाही. विस्कॉन्सिनने तसा कायदा १९०३ मध्ये केला आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत बहुतेक राज्यांत ही पद्धत पसरली. नकाशांची कलाकुसर तर १८१२ पासूनची, मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर गेरी यांच्या नावावरूनच तिचं बारसं झालंय. शिवाय सिनेटच्या मतदारसंघाची हद्द म्हणजे राज्याची हद्द, तिथे नकाशा कोण वाकवणार? तरी सिनेट प्रतिनिधिगृहाइतकंच दुभंगलेलं आहे. दार शंभर वर्षं तेच असेल तर गेल्या चाळीस वर्षांतच मधली माणसं का अडायला लागली?

माझ्या मते उत्तर दाराच्या आत आहे. पक्षच आतून बदलले. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचं सिनेटमधलं मतदान काढून बघा. ७३ विरुद्ध २७. विरोधातल्या २७ पैकी २१ डेमोक्रॅट, ६ रिपब्लिकन. कायदा पुढे रेटला डेमोक्रॅट अध्यक्ष जॉन्सन यांनी, सभागृह अडवून बसले त्यांच्याच पक्षाचे दक्षिणेतले सिनेटर, आणि कोंडी फोडायला मतं जमवली रिपब्लिकन नेते डर्कसन यांनी. पुढच्या वर्षी वृद्धांच्या आरोग्यविम्याचा, म्हणजे मेडिकेअरचा, कायदा झाला तेव्हा प्रतिनिधिगृहात ७० रिपब्लिकनांनी बाजूने मत दिलं. २०१० च्या आरोग्य कायद्याला किती रिपब्लिकन? शून्य. २०१७ च्या करकपातीला किती डेमोक्रॅट? शून्य.

तेव्हा दोन्ही पक्ष म्हणजे मिसळ होती. डेमोक्रॅटांत दक्षिणेतले कट्टर पुराणमतवादी गोरे आणि शिकागोचे कामगार एकत्र. रिपब्लिकनांत कॅन्ससचे शेतकरी आणि न्यूयॉर्कचे उदारमतवादी बँकवाले एकत्र. १९६४-६५ नंतर दक्षिणेतले गोरे हळूहळू तिकडे सरकले. हळूहळू म्हणजे तीस वर्षं लागली, १९९४ मध्ये चाळीस वर्षांनी प्रतिनिधिगृह रिपब्लिकनांकडे गेलं तेव्हा ते वर्तुळ पुरं झालं. ईशान्येकडचे मवाळ रिपब्लिकन उलट दिशेने गेले. तुमच्या स्पेक्टरांचे दोन लाख त्यातलेच. फरसाण एका ताटात, रस्सा दुसऱ्या ताटात. मग त्याच जुन्या प्रायमरीच्या चाळणीतून वेगळा माल खाली पडायला लागला.

अवांतर: १९५० साली अमेरिकेतल्या राज्यशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या समितीने अहवाल दिला होता. तक्रार काय, तर दोन पक्षांत पुरेसा फरकच नाही, मतदाराला निवड करता येत नाही, पक्षांनी जरा वेगवेगळे कार्यक्रम घ्यावेत. विद्वानांचं एकदाच कोणीतरी ऐकलं!

गप्प_बसवेना

अळी, +१. पण जे अर्धवट सोडलंत ते मी बोलते. तो मधला सुवर्णकाळ कशावर उभा होता? दक्षिणेतल्या काळ्या नागरिकाला मतपेटीजवळ फिरकू द्यायचं नाही, आणि तो विषय वॉशिंग्टनमध्ये काढायचा नाही, या समझोत्यावर. दोन्ही पक्षांचे लोक संध्याकाळी एकत्र बसून पेयपान करत, कारण ज्यांच्यावरून भांडण झालं असतं ते खोलीतच नव्हते. मिसिसिपीतल्या माणसाला त्या मध्यममार्गाचं कौतुक सांगून बघा. मला त्या काळाबद्दल हळहळ वाटत नाही.

बक्सकर

अळी, कँटरचा मुद्दा मान्य, नाक कापलं गेलं. बाकीचं उद्या निवांत वाचून लिहितो.

शेवंती

मी ओहायोत घरोघरी जाऊन फिजिओथेरपी करते. गुडघा बदललेले, पडून खुबा मोडलेले, पक्षाघातानंतरचे असे पेशंट. दार उघडायच्या आधी टीव्हीचा आवाज येतो आणि कोणतं चॅनल आहे ते मला पायरीवरच कळतं. काही घरांत ते सकाळी लागतं ते रात्री झोपताना बंद होतं. आधी रक्तदाब घ्यायचा असतो. मी म्हणते, पाच मिनिटं टीव्ही बंद करू या का? बंद करून शांत बसवून पुन्हा घेतला की आकडा खाली आलेला असतो. हे मी दोन्ही चॅनलांच्या घरांत बघितलंय. एका आजोबांनी तर मला प्रेमाने ॲपल पाय (सफरचंदाचा गोड पदार्थ) खायला घातला आणि त्याच दमात 'बाहेरून आलेल्या लोकांनी' देश कसा बिघडवला ते सांगितलं. मी म्हटलं, मीही बाहेरूनच आलेय. तर म्हणाले, "तुझं नाही गं, टीव्हीतल्यांचं म्हणतोय."

ते 'टीव्हीतले' माझ्या डोक्यातून जात नाहीत. आजोबांच्या गावात बाहेरून आलेलं असं मी सोडून फारसं कोणी नसेल.

माझ्या अंदाजाने १९८७ मध्ये दोन्ही बाजू दाखवायचा नियम, फेअरनेस डॉक्ट्रिन, काढला तिथून घसरण सुरू झाली. पुढच्याच वर्षी कट्टर उजव्या विचारांचे रश लिंबॉ देशभर रेडिओवर, १९९६ मध्ये केबलवर फॉक्स न्यूज.

अभ्यासू_अळी

शेवंतीताई, आजोबांचा किस्सा लाख मोलाचा. फक्त एक दुरुस्ती: तो नियम हवेतून प्रक्षेपण करणाऱ्या रेडिओ-टीव्हीला होता, कारण लहरी सार्वजनिक मालकीच्या. केबलला तो तसाही लागू झाला नसता. रेडिओबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे, नियम असता तर स्टेशनांनी दिवसभर एकाच सुरात बोलणारे कार्यक्रम लावताना दहादा विचार केला असता.

गल्ली_नं_४

धागा वाचून करमणूक झाली. सगळ्यांनी मिळून ठरवलंय की टोकाला गेले ते रिपब्लिकन, टीव्ही बघतात म्हणून. डेमोक्रॅट जागच्या जागी उभे आहेत ना?

पेनसिल्व्हेनियाचंच उदाहरण देतो. बॉब केसी (थोरले), डेमोक्रॅट, १९८७ ते १९९५ गव्हर्नर. कामगारांच्या बाजूचे, गरीब मुलांच्या आरोग्यविम्यासाठी झटणारे आणि गर्भपाताला कडवा विरोध. सर्वोच्च न्यायालयातला १९९२ चा प्रसिद्ध खटला त्यांच्याच नावाने आहे. त्याच वर्षी स्वतःच्या पक्षाच्या अधिवेशनात त्यांना भाषण करू दिलं नाही. कारण काय यावर अजून वाद आहे, पण आज असा डेमोक्रॅट गव्हर्नर तिकीट तरी मिळवेल का? त्यांचा मुलगा सिनेटर झाला तो गर्भपातविरोधी म्हणूनच, आणि २०२२ पर्यंत पक्षाच्या ओळीत येऊन उभा राहिला. २०२४ मध्ये हरला. ओळीत येऊनही हरला, हे लक्षात घ्या.

आणि मधले राहिले नाहीत म्हणता तर बक्सकर, तुमचा स्वतःचा काँग्रेसमन ब्रायन फिट्झपॅट्रिक कोण आहे? २०२० मध्ये बायडन जिंकले त्या मतदारसंघातून रिपब्लिकन म्हणून निवडून आला. २०२१ च्या रस्ते-पुलांच्या विधेयकाला बाजूने मत देणाऱ्या प्रतिनिधिगृहातल्या १३ रिपब्लिकनांपैकी एक. त्याच्याबद्दल लेखात एक ओळ नाही.

मी स्वतः रांगेत उभा राहून, वर्षानुवर्षं व्हिसाचे कागद भरून, वकिलाची बिलं देऊन इथे आलो. सीमेवरच्या गोंधळाबद्दल बोललो की मला आपल्याच मंडळात वंशवादी ठरवतात. टोकाला मी गेलो नाही, मला ढकललं.

गप्प_बसवेना

रांगेचं दुःख मलाही आहे, त्यावर भांडण नाही. पण दोन्ही बाजू सारख्याच, हे मला नाही पटत. ६ जानेवारी २०२१ च्या रात्री, संसदेच्या फुटलेल्या काचा झाडायच्या आत, पेनसिल्व्हेनियाची मतं मोजू नका या मागणीवर मतदान झालं. प्रतिनिधिगृहात १३८ जणांनी त्याला 'हो' म्हटलं, सिनेटमध्ये ७ जणांनी. एकूण एक रिपब्लिकन. ती मतं बक्सकरांची होती, तुमचीही असतील. याच्या बरोबर मध्ये उभं राहायचं म्हणजे नेमकं कुठे? अर्धी मतं मोजायची?

१९७४ मध्ये निक्सनना 'आता खेळ संपला' हे सांगायला जे तिघे गेले ते त्यांच्याच पक्षाचे होते. त्यातले एक ह्यू स्कॉट, पेनसिल्व्हेनियाचेच. मला हळहळ वाटलीच तर अशा माणसाबद्दल वाटेल. मध्यममार्गी होता म्हणून नव्हे.

गल्ली_नं_४

६ जानेवारीचं मी कुठे समर्थन केलं? आणि फिट्झपॅट्रिकने त्या रात्री 'नाही' मत दिलं होतं. हे मी म्हणतोय तेच झालं, मी बोललो केसींबद्दल, मला उत्तर मिळालं ६ जानेवारीचं.

गप्प_बसवेना

हम्म. केसींबद्दल तुमचं बरोबर आहे. माझा पक्ष त्या विषयावर कोणाला खपवून घेत नाही आणि मला स्वतःला त्याचं वाईट वाटत नाही, हेही कबूल करते.

तिरकस_तात्या

धाग्यावर कोणीतरी कोणाचं तरी मान्य केलं. तारीख लिहून ठेवा.

साताऱ्याचा_सुभेदार

राम राम मंडळी. तिकडचं वाचून मला आपल्याकडचं उलटं चित्र दिसतंय. तुमच्याकडं निदान पक्षाविरुद्ध मत देता येतं हो. आपल्याकडं १९८५ ला पक्षांतरबंदी आली, घटनेला दहावं परिशिष्ट जोडलं. व्हिप मोडला की आमदारकीवर गदा. म्हणजे तुमच्या त्या स्पेक्टरसारखा अर्धी मतं पलीकडं देणारा आमदार आपल्याकडं कायद्यानंच होऊ शकत नाही. मधलं व्हायचं तर एकट्यानं नाही, घाऊक व्हायचं. ते कसं होतं ते २०१९ आणि २०२२ ला सगळ्या महाराष्ट्रानं बघितलंय.

आमच्या कराडच्या यशवंतरावांनी बेरजेचं राजकारण म्हणून शिकवलं. शेकापातले, समाजवाद्यांतले, जे येतील ते आत घ्यायचे आणि आतच भांडायचं. मिसळ म्हणा हवं तर, अळी म्हणतात तशी. आता बेरीज पुढाऱ्यांत चालू आहे आणि वजाबाकी आमच्यात. पुढारी सकाळी इकडं, संध्याकाळी तिकडं, लेकीच्या लग्नात सगळे एका पंगतीला. आणि आमच्या भावकीचा व्हॉट्सॲप ग्रुप फुटून दोन झालेत. एकात आजीच्या वर्षश्राद्धाचा निरोप पडला, दुसऱ्यात पडलाच नाही. चुलता आला नाही जेवायला. आता बोला.

नदीकाठी

पिट्सबर्गकर आहे, तीस वर्षं झाली. टीव्ही, प्रायमरी सगळं खरं असेल, पण मला जे डोळ्यांदेखत गेलेलं दिसलं ते सांगतो.

माझा शेजारी होमस्टेडच्या पोलाद कारखान्यात होता. १९८६ ला तो कारखाना बंद झाला. मी आलो तेव्हा तिथे नुसत्या चिमण्या उभ्या होत्या, खालचं सगळं पाडून टाकलेलं. हा माणूस कॅथलिक, दर रविवारी चर्चला, घरात शिकारीच्या तीन बंदुका, आणि मत जन्मभर डेमोक्रॅटांना. का? युनियन. युनियनच्या हॉलमध्ये काळा कामगार, स्लोव्हाक कामगार, देवभोळा, नास्तिक, सगळे एका वर्गणीत. त्याचं चर्च एका बाजूला ओढायचं, युनियन दुसऱ्या बाजूला, बंदूक तिसरीकडे. असा माणूस टोकाला जाऊ शकत नाही, त्याला चारी बाजूंनी दोर बांधलेले असतात.

१९५० च्या दशकात या देशात साधारण दर तिसरा कामगार युनियनमध्ये होता, आता दहातला एक. युनियनचा दोर तुटला. राहिलं चर्च आणि बंदूक, ती दोन्ही एकाच दिशेला. त्याने आपलं मत बदललं असं मला नाही वाटत. त्याला तोलून धरणारं एक टोक सुटलं इतकंच. आणि डेमोक्रॅटांकडे उरलो कोण, तर पदव्या असलेले, शहरातले, चर्चला न जाणारे. माझ्यासारखे.

लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासांच्या, शुक्रवारी इथे चर्चच्या तळघरात मासे तळतात. हॅडक किंवा कॉड, एवढा मोठा तुकडा की पावाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर लोंबतो, वर कोबीचं सॅलड. मी हिंदू असूनही दरवर्षी जातो. तिथे रांगेत अजूनही सगळ्या तऱ्हेची माणसं दिसतात. पण आता टेबलं ठरलेली झालीत. पूर्वी जिथे जागा मिळेल तिथे बसायचे.

शेवंती

नदीकाठी, चार दोरांचं फार पटलं. माझ्या सासरी इकडे तसंच झालं.

अभ्यासू_अळी

नदीकाठींनी जे सांगितलं त्याला आकड्यांची जोड देतो. १९६० साली एका सर्वेक्षणात विचारलं होतं, तुमच्या मुलामुलीने दुसऱ्या पक्षाच्या घरात लग्न केलं तर वाईट वाटेल का? दोन्ही पक्षांत पाच टक्क्यांच्या आसपास लोक 'हो' म्हणाले. २०१० मध्ये तसाच प्रश्न विचारला तर रिपब्लिकनांतले जवळपास निम्मे आणि डेमोक्रॅटांतले एक तृतीयांश. पन्नास वर्षांत पक्ष हा स्थळ बघताना विचारायचा रकाना झाला. गोत्र, नाडी, पक्ष.

म्हणूनच 'मधला मतदार आहे तिथेच आहे' या बक्सकरांच्या वाक्याशी मी पूर्ण सहमत नाही. स्वतःला अपक्ष म्हणवणारे आज चाळीस टक्क्यांच्या वर आहेत, हे खरं. पण त्यांतले बहुतेक दरवेळी एकाच बाजूला मत देतात. स्वतःचा पक्ष फारसा आवडतो म्हणून नव्हे, समोरचा डोळ्यांसमोर नको म्हणून. २०१६ मध्ये सिनेटच्या जेवढ्या जागांची निवडणूक झाली, त्या प्रत्येक राज्यात अध्यक्षपदाला आणि सिनेटला एकच पक्ष जिंकला. सिनेटर थेट मतदानाने निवडायला लागल्यापासून असं पहिल्यांदाच घडलं.

तिरकस_तात्या

उपाय सांगा रे कोणीतरी. सगळे वैद्य नाडी बघून निघाले.

अभ्यासू_अळी

अलास्काने सगळ्यांची एकच प्रायमरी ठेवली, पहिले चार पुढे, नोव्हेंबरात पसंतीक्रम. २०२२ मध्ये मवाळ रिपब्लिकन सिनेटर लिसा मर्कोव्स्की त्यावर टिकल्या, जुन्या पद्धतीत बहुधा गेल्या असत्या. नकाशांबाबत केंद्रीय न्यायालयांनी २०१९ मध्ये हात वर केले, आणि २०२५ मध्ये टेक्सासने दशकाच्या मधेच नकाशा बदलला तर कॅलिफोर्नियाने मतदारांची मंजुरी घेऊन त्याला तोडीस तोड उत्तर दिलं. म्हणजे तिथे गाडी उलट्या दिशेने.

बक्सकर

उशीर झाला, क्षमस्व. मध्ये मंडळाच्या गणपतीची तयारी होती. (व्हॉट्सॲपवर 'फक्त कार्यक्रम' आणि 'मुक्त गप्पा' असे दोन ग्रुप करावे लागले, का ते विचारू नका. मोदकांची यादी कोणत्या ग्रुपवर टाकायची यावरही वाद झाला.)

गल्ली, फिट्झपॅट्रिकचं नाव मी मुद्दाम टाळलं, कारण ते माझ्या सिद्धान्तात बसत नव्हतं. हे लिहायला जड जातंय. पण तुमच्यामुळे एक लक्षात आलं. तो टिकतो तो आमच्या काउंटीमुळे. इथे दोन्ही पक्षांची नोंदणी जवळजवळ सारखी आहे, नोव्हेंबर खरा असतो. आणि तरीही त्याच्याच पक्षातून उजवीकडून त्याला आव्हान मिळतं. म्हणजे दाराचं माझं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही, पण दार हे कारण नव्हे, हे अळींनी पटवलं. आतली मिसळ वेगळी झाल्यावर दार अरुंद भासायला लागलं.

एका गोष्टीचं मला अजून उत्तर मिळालेलं नाही. आमच्याकडे शाळा मंडळाच्या उमेदवाराला दोन्ही पक्षांच्या प्रायमरीत एकदम अर्ज भरता येतो. हेतू हा की शाळेत पक्ष नको. म्हणजे ही तर मधल्या माणसासाठी मुद्दाम ठेवलेली खिडकी. आणि गेल्या काही वर्षांत सगळ्यात कडवट निवडणुका इथे कसल्या झाल्या, तर शाळा मंडळांच्या! मास्क, मग ग्रंथालयातली पुस्तकं. आमच्याच गल्लीत समोरासमोरच्या घरांच्या हिरवळीवर एकमेकांकडे तोंड करून पाट्या. त्या घरांतली मुलं एकाच बसने शाळेत जातात. खिडकी उघडी असून उपयोग झाला नाही.

तर शेवटी मी फॉर्म भरला. पक्षाच्या चौकटीत खूण केली. पुढच्या मे मध्ये प्रायमरीत मत देऊन निदान त्यातल्या त्यात मवाळ माणसाला हात देईन म्हणतो. कोणता पक्ष ते इथे सांगणार नाही, बायकोलाही नुसतं हसूनच दाखवलंय. मधला राहायला एक बाजू घ्यावी लागली, याचं तात्या काय ते करतीलच.

कार्ड आलं, आणि त्यानंतर तीन दिवसांत पक्षाच्या नावाने पहिलं पत्र. लाल अक्षरांत लिहिलंय की समोरचे तुमचा देश हिरावून घ्यायला निघालेत, त्यांना थांबवण्यासाठी आजच पैसे पाठवा.

तिरकस_तात्या

मी काही करत नाही, पत्रानेच केलंय. किती मागितले?

बक्सकर

पंचवीस डॉलर. आणि वर 'आपण आजवर दिलेल्या अढळ निष्ठेबद्दल आभार' असं आधीच छापलंय.